नॅनोटेक्नॉलॉजी शिकवताना व्हिज्युअलायझेशन सॉफ्टवेअर कसं वापरायचं: नुसतं दाखवू नका, मोजायला लावा

नॅनोटेक्नॉलॉजीचा धडा आला की बहुतेक शिक्षक आधी एखादं भारी थ्रीडी ॲनिमेशन शोधतात, ते प्रोजेक्टरवर लावतात, मुलं डोळे मोठे करून बघतात, आणि आठवड्याने विचारलं की बाबांनो ती कार्बन नॅनोट्यूब (कार्बनच्या अणूंची अतिसूक्ष्म नळी) किती जाडीची होती, तर कुणालाच सांगता येत नाही. चित्र लक्षात राहतं पण त्याच्या मागचं विज्ञान हाती लागत नाही. मला हे मनापासून खटकतं, कारण तीच फुकटची सॉफ्टवेअर जरा वेगळ्या पद्धतीने वापरली तर मुलांना अणूंच्या पातळीवर खरोखर विचार करता येतो. पद्धत साधी आहे. प्रत्येक तासाला प्रत्येक मुलाने स्क्रीनवरून निदान एक आकडा स्वतः काढायचा, आणि तो काढायच्या आधी काय येईल याचा अंदाज वहीत लिहून ठेवायचा. बस, बाकी सगळं या एका गोष्टीभोवती बसवायचं.

खाली जे सांगतोय ते शाळेच्या वरच्या वर्गांपासून बीएस्सीपर्यंत कुठेही चालेल, खोली किती द्यायची ते तुम्ही ठरवा.

कुठलं सॉफ्टवेअर घ्यायचं

सगळं एकाच सॉफ्टवेअरमध्ये होईल अशी अपेक्षा ठेवू नका. रेणू हाताने बांधायचे असतील तर अवोगाड्रो घ्या, ते ओपन सोर्स आहे आणि शिकायला सगळ्यात सोपं. स्फटिक दाखवायचे असतील तर व्हेस्टा, त्यात सीआयएफ फाइल (स्फटिकातले अणू कुठे आहेत त्याची नोंद) टाकली की अख्खी जाळी उभी राहते, आणि या फाइल्स क्रिस्टलोग्राफी ओपन डेटाबेसवर फुकट मिळतात. नॅनोट्यूब आणि ग्राफीन (कार्बनचा एकच अणू जाडीचा पत्रा) यांच्यासाठी इलिनॉय विद्यापीठाचं व्हीएमडी. हजारो अणूंचे कण रंगवून मोजायचे असतील तर ओव्हिटो, त्याची बेसिक आवृत्ती फुकट आहे आणि वर्गासाठी तेवढी पुरते. डीएनए, प्रथिनं, विषाणू हे दाखवायला प्रोटीन डेटा बँकेच्या साइटवरच मोलस्टार नावाचा व्ह्यूअर आहे, तो ब्राउझरमध्ये चालतो, इन्स्टॉल काहीच करायला लागत नाही, म्हणजे मुलांच्या मोबाइलवरही उघडतो. मायक्रोस्कोपच्या खऱ्या डेटासाठी ग्विडियन आणि इमेजजे, त्यांच्याबद्दल शेवटी सविस्तर सांगतो कारण तो भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

लहान मुलं असतील तर फेट या फुकटच्या साइटवरच्या सिम्युलेशनपासून सुरुवात करा, त्यातली बरीच मराठीतही आहेत. पदार्थाच्या अवस्थांचं जे सिम्युलेशन आहे त्यात तापमान वाढवलं की कण कसे जोरात हलायला लागतात ते दिसतं, आणि ही हालचाल पुढे फार उपयोगी पडते, कारण बाकीच्या सॉफ्टवेअरमध्ये अणू पुतळ्यासारखे गप्प उभे असतात आणि मुलांना वाटतं ते खरंच तसे असतात.

सुरुवातीला यातली दोनच निवडा. माझं मत विचाराल तर व्हीएमडी आणि ओव्हिटो, किंवा मशीन जुनी असतील तर अवोगाड्रो आणि मोलस्टार.

पहिला तास फक्त मापांचा

इथे घाई केली तर पुढचं सगळं वाया जातं. एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा एक अब्जावा भाग हे वाक्य मुलं पाठ करतात पण त्यातून कसलंच माप डोळ्यासमोर येत नाही. त्यापेक्षा फळ्यावर एक लांब रेघ ओढा आणि तिच्यावर दहाच्या पटीत खुणा करा, दर खुणेला दहापट लहान. केस साधारण ८०,००० ते १,००,००० नॅनोमीटर जाड, तांबडी रक्तपेशी ७,००० ते ८,०००, जिवाणू हजाराच्या आसपास, बरेचसे विषाणू शंभराच्या आसपास, डीएनएची दुहेरी नळी २, आणि कार्बनच्या दोन अणूंमधलं अंतर ०.१४. नॅनोटेक्नॉलॉजी साधारण १ ते १०० या पट्ट्यात काम करते असं म्हणतात, तो पट्टा रंगीत खडूने भरा आणि ती रेघ आठवडाभर पुसू नका.

मग मोलस्टारमध्ये डीएनएची १बीएनए ही रचना उघडा (आयडी टाकताना अर्थात रोमन अक्षरं). हा बारा बेसजोड्यांचा छोटासा तुकडा आहे, बघायला सुटसुटीत. नळीच्या आडव्या दिशेने दोन टोकांचे अणू निवडायचे आणि अंतर मोजायचं. वीसच्या आसपास आकडा येईल आणि वर्गात गोंधळ उडेल, कारण फळ्यावर तर २ लिहिलंय.

तो गोंधळ उडू द्या. इथेच अँगस्ट्रॉम येतो. ही जवळजवळ सगळी सॉफ्टवेअर अंतर अँगस्ट्रॉममध्ये देतात आणि दहा अँगस्ट्रॉम म्हणजे एक नॅनोमीटर. हे एकदा मुलांच्या हातून मोजून, चुकून, दुरुस्त होऊन गेलं की परत विसरत नाहीत. आणि नाही सांगितलं तर वर्षभर दहापट चुकीची उत्तरं येत राहतात, तीही फार आत्मविश्वासाने. वहीत प्रत्येक मापासमोर एकक लिहायची सक्ती याच तासापासून करा.

अजून एक बारीक गोष्ट, मोजताना चित्र ऑर्थोग्राफिक मोडमध्ये ठेवा. व्हीएमडी सुरू होताना पर्स्पेक्टिव्हमध्ये असतं, त्यात जवळचा अणू मोठा आणि लांबचा लहान दिसतो. बघायला ते छान वाटतं, पण सगळे अणू एकाच आकाराचे असताना मुलांना ते लहानमोठे वाटायला लागतात. डिस्प्ले मेनूत जाऊन ऑर्थोग्राफिक केलं की झालं.

रंग, गोळे आणि काड्या खऱ्या नसतात हे आधीच सांगा

ऑक्सिजन लाल, नायट्रोजन निळा, कार्बन काळा किंवा राखाडी, हायड्रोजन पांढरा, हे सगळे ठरवून दिलेले रंग आहेत. मुलं मात्र मनात पक्कं धरून बसतात की ऑक्सिजनचा अणू लालच असतो. डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर आणि अणू नॅनोमीटरच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याएवढा, म्हणजे साध्या प्रकाशात त्याचं असं चित्र दिसणंच शक्य नाही. हे तोंडी सांगून भागत नाही, करून दाखवा. एकच रेणू उघडा आणि चार वेळा रूप बदला: नुसत्या रेघा, मग गोळे-काड्या, मग जागा भरणारे मोठे गोळे, मग पृष्ठभाग. व्हीएमडीत हे ग्राफिक्समधल्या रिप्रेझेंटेशन्समध्ये मिळतं. दर वेळी विचारा की यात काय कळतंय आणि काय लपलंय. गोळे-काड्यांत बंध कळतात पण अणूंच्या मध्ये भरपूर रिकामी जागा आहे असा भास होतो, मोठ्या गोळ्यांत रेणूने किती जागा अडवली ते कळतं पण आतलं काही दिसत नाही. यातलं खरं कुठलं असं एखादं मूल नक्की विचारेल. प्रत्येक रूप एका कामाचं आहे, फोटो त्यातलं एकही नाही, असं सरळ सांगा.

काड्यांबद्दलही बोला. बरीचशी सॉफ्टवेअर दोन अणू ठरावीक अंतराच्या आत आले की मध्ये काडी काढून मोकळी होतात, बंध आहे की नाही याचा रसायनशास्त्राच्या अंगाने विचार ती करत नाहीत. त्यामुळे एखाद्या धातूच्या कणात काड्या दिसल्याच नाहीत किंवा भलत्याच ठिकाणी दिसल्या तर मुलांना सांगा की हा अंदाज आहे, अंतराची मर्यादा बदलून बघा. मर्यादा बदलल्यावर बंध गायब होतात हे मुलांनी स्वतः बघितलं की त्यांचा चित्रांकडे बघायचा दृष्टिकोनच बदलतो.

सोन्याचा कण: पृष्ठभाग मोजायचा प्रयोग

नॅनो पातळीवर पदार्थाचे गुणधर्म का बदलतात याचं अर्धं उत्तर या एका प्रयोगात आहे. कण लहान झाला की पृष्ठभागाचं प्रमाण वाढतं हे पुस्तकात असतंच, पण मुलांनी अणू मोजून ते सिद्ध करावं अशी माझी फार इच्छा असते, म्हणून हा भाग जरा खोलात सांगतो.

तयार फाइल न शोधता स्प्रेडशीटमध्ये बनवा. सोन्याची जाळी फेस सेंटर्ड क्युबिक असते, म्हणजे घनाच्या कोपऱ्यांवर आणि प्रत्येक बाजूच्या मध्यभागी अणू, आणि तिच्या घनाची बाजू ०.४०८ नॅनोमीटर, म्हणजे ४.०८ अँगस्ट्रॉम. तीन रकाने घ्या, त्यात तीन पूर्णांकांच्या सगळ्या जोडण्या लिहायच्या, उणे ३ पासून अधिक ३ पर्यंत, अशा ७ × ७ × ७ म्हणजे ३४३ ओळी होतील. आता दोन चाळण्या लावायच्या. तिन्ही आकड्यांची बेरीज सम असली पाहिजे, आणि चिन्ह सोडून तिन्हींची बेरीज ६ पेक्षा जास्त नको. दोन्ही अटी पाळणाऱ्या ओळी ठेवा, बाकीच्या काढा. उरतील बरोबर १४७. आता प्रत्येक आकड्याला २.०४ ने गुणा, म्हणजे घनाच्या बाजूच्या निम्म्याने, की झाले अणूंचे पत्ते अँगस्ट्रॉममध्ये.

हे साध्या टेक्स्ट फाइलमध्ये टाकायचं. पहिल्या ओळीत अणूंची संख्या, दुसऱ्या ओळीत काहीही नाव, आणि तिसरीपासून दर ओळीत सोन्याचं रासायनिक चिन्ह आणि तीन आकडे, मध्ये स्पेस. फाइलच्या नावाला एक्सवायझेड हे एक्स्टेन्शन द्या. एवढ्यावर ती फाइल ओव्हिटोत, व्हीएमडीत, अवोगाड्रोत सगळीकडे उघडते. आपण टाइप केलेले आकडे गोल गोल फिरणारा सोन्याचा कण होऊन समोर येतात तेव्हा मुलांना कळतं की या चित्रांच्या मागे आकड्यांशिवाय काही नसतं, आणि हे कळणं फार मोठी गोष्ट आहे.

तसाच ५५ अणूंचा कण हवा असेल तर उणे २ ते अधिक २ आणि बेरजेची मर्यादा ४, १३ अणूंचा हवा असेल तर उणे १ ते अधिक १ आणि मर्यादा २, ३०९ चा हवा असेल तर उणे ४ ते अधिक ४ आणि मर्यादा ८. वर्गाचे गट पाडा आणि एकेका गटाला एकेक कण द्या.

आता ओव्हिटोत फाइल उघडा. आधी सिम्युलेशन सेलमध्ये पिरिऑडिकच्या टिका काढलेल्या आहेत ना ते बघा, नाहीतर सॉफ्टवेअर समजतं की कणाच्या शेजारी अजून कण आहेत आणि मोजणी बिघडते. मग कोऑर्डिनेशन ॲनालिसिस हा मॉडिफायर (प्रत्येक अणूचे शेजारी मोजणारं टूल) लावा आणि कटऑफ, म्हणजे किती अँगस्ट्रॉमपर्यंतचा अणू शेजारी धरायचा ती मर्यादा, ३.४ ठेवा. ३.४ का, तर सोन्यात सख्खा शेजारी २.८८ अँगस्ट्रॉमवर असतो आणि त्याच्या पुढचा ४.०८ वर, या दोघांच्या मधला कुठलाही आकडा चालतो. हा प्रश्न मुलांनाच विचारा, तुम्ही सांगू नका, आणि कुणी ४.५ टाकला तर टाकू द्या, उत्तर विचित्र आलं की आपोआप चर्चा होते.

मग कलर कोडिंग लावून शेजाऱ्यांच्या संख्येप्रमाणे रंग द्या. आता कण फिरवा. टोकाच्या अणूंना फक्त ५ शेजारी, कडेवरच्यांना ७, चौकोनी बाजूवर ८, त्रिकोणी बाजूवर ९, आणि आतल्या प्रत्येकाला १२. रंगांवरून हे लगेच वेगळं कळतं. रंगांची पट्टी निवडताना लाल-हिरवी टाळा, काही मुलांना हे दोन रंग वेगळे दिसत नाहीत, ओव्हिटोत विरिडिस नावाची पट्टी आहे ती सगळ्यांना वाचता येते. यानंतर एक्स्प्रेशन सिलेक्शनमध्ये शेजारी १२ पेक्षा कमी अशी अट टाका, निवडलेल्या अणूंची संख्या तिथेच दिसते. ते झाले पृष्ठभागावरचे अणू.

सगळ्या गटांचे आकडे फळ्यावर एकत्र आणा. १३ पैकी १२, म्हणजे ९२ टक्के. ५५ पैकी ४२, ७६ टक्के. १४७ पैकी ९२, ६३ टक्के. ३०९ पैकी १६२, ५२ टक्के. पुढचा ५६१ चा कण कुणाला करायचा असेल तर २५२ येतात, ४५ टक्के. याचा आलेख काढायला लावा, आणि मग विचारा की डोळ्यांना दिसेल एवढ्या सोन्याच्या तुकड्यात हे प्रमाण किती असेल. आलेख शून्याकडे धावतोय हे मुलं स्वतःच सांगतात.

इथून पुढे गोष्ट रंगत जाते. टोकाचा अणू ५ च शेजाऱ्यांवर टेकलेला आहे, म्हणजे त्याची बाहेरच्या रेणूला धरायची तयारी जास्त. अख्खं सोनं रासायनिकदृष्ट्या इतकं सुस्त की दागिन्याला गंज लागत नाही, पण १९८० च्या दशकात मासाताके हारुता यांनी दाखवलं की योग्य आधारावर बसवलेले ५ नॅनोमीटरपेक्षा लहान सोन्याचे कण कार्बन मोनॉक्साइडचं ज्वलन अगदी कमी तापमानालाही घडवून आणतात. त्याला आकाराबरोबर खालच्या आधाराचीही मदत असते, हे मोठ्या वर्गाला नक्की सांगा. आणि १४७ अणूंचा कण मोजला तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साधारण १.७ नॅनोमीटर येतो, अणूंची स्वतःची जाडी धरली तर २. म्हणजे फळ्यावरच्या रेघेवर तो डीएनएच्या शेजारी जाऊन बसतो, तिथे खूण करायला एका मुलाला उठवा.

नॅनोट्यूब: सारख्या दिसणाऱ्या दोन नळ्या

व्हीएमडीत एक्स्टेन्शन्स, मग मॉडेलिंग, मग नॅनोट्यूब बिल्डर. तिथे एन आणि एम असे दोन आकडे आणि लांबी विचारतात. अवोगाड्रोच्या १.२ आवृत्तीत हेच बिल्ड मेनूत आहे. आधी त्याच बिल्डरने ग्राफीनचा सपाट पत्रा बनवून दाखवा, षटकोनांची जाळी, दोन कार्बनमधलं अंतर ०.१४२ नॅनोमीटर. हा पत्रा गुंडाळला की नळी, आणि तो कुठल्या दिशेने गुंडाळायचा ते एन आणि एम ठरवतात. कागदावर षटकोनी जाळी छापून मुलांच्या हातात दिली आणि गुंडाळायला लावली तर स्क्रीनवरचं फार लवकर समजतं, हे नक्की करा.

आता दोन नळ्या बनवा, एक (१०,१०) आणि दुसरी (१७,०). दोन्हींचा व्यास मोजायला लावा. व्हीएमडीत कीबोर्डवर २ दाबलं आणि समोरासमोरच्या दोन अणूंवर क्लिक केलं की अंतर येतं. पहिलीचा साधारण १३.५ अँगस्ट्रॉम, दुसरीचा १३.३. म्हणजे १.३५ आणि १.३३ नॅनोमीटर, जवळजवळ सारख्याच. मोठ्या मुलांना सूत्रही द्या, एनचा वर्ग अधिक एन गुणिले एम अधिक एमचा वर्ग, त्याचं वर्गमूळ, गुणिले ०.०७८३, की व्यास नॅनोमीटरमध्ये. मोजलेला आणि काढलेला आकडा जुळला की मुलांना जो आनंद होतो तो बघण्यासारखा असतो.

मग विचारा, दोन्हींमधून वीज सारखीच वाहील का? अंदाज वहीत. पदार्थ तोच, जाडी तीच, त्यामुळे बहुतेक जण हो लिहितील. उत्तर आहे नाही. (१०,१०) ही धातूसारखी वाहक आहे आणि (१७,०) ही अर्धवाहक. नियम असा की एन वजा एम ला ३ ने पूर्ण भाग गेला तर वाहक, नाही गेला तर अर्धवाहक. शून्याला भाग जातो, सतराला जात नाही. बारीक नळ्यांमध्ये वाकामुळे यात थोडा फरक पडतो, एन आणि एम सारखे नसले तर ३ ने भाग गेला तरी अगदी छोटी ऊर्जेची फट राहते, पण शाळेसाठी नियम एवढाच ठेवा. आता मुलांना नळीच्या कापलेल्या टोकाकडून बघायला सांगा, एकीची कड खुर्चीच्या हातांसारखी आणि दुसरीची नागमोडी, म्हणूनच त्यांना आर्मचेअर आणि झिगझॅग म्हणतात. फरक फक्त गुंडाळण्याच्या दिशेचा आहे आणि तेवढ्याने विजेचं वागणं बदलतं, हे मला नॅनोविज्ञानातलं सगळ्यात सुंदर उदाहरण वाटतं.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायची, ही वीज वाहण्याची गोष्ट व्हीएमडीच्या चित्रात कुठेच दिसत नाही. चित्र फक्त अणू कुठे बसलेत ते दाखवतं, इलेक्ट्रॉन काय करतात त्यासाठी वेगळं गणित लागतं. क्वांटम डॉटचंही तसंच, म्हणजे अर्धवाहकाच्या काही नॅनोमीटरच्या कणांचं. कॅडमियम सेलेनाइडचा २ नॅनोमीटरच्या आसपासचा कण निळा चमकतो आणि ६ च्या आसपासचा लाल, याच क्वांटम डॉटच्या शोधाला २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, पण अणूंचे गोळे कितीही फिरवले तरी रंग का बदलला ते कळणार नाही. त्यासाठी नॅनोहब या साइटवर क्वांटम डॉट लॅब नावाचं टूल आहे, फुकट खातं उघडून ब्राउझरमध्येच चालवता येतं, डॉटचा आकार बदलला की ऊर्जेच्या पातळ्या कशा सरकतात ते दिसतं. लहान डॉटमध्ये पातळ्या एकमेकींपासून लांब जातात, म्हणून बाहेर पडणाऱ्या प्रकाशाची ऊर्जा जास्त, म्हणून निळा. एवढं पुरे.

वर्गात लावताना

उजेड असलेल्या खोलीत काळं बॅकग्राउंड मागच्या बाकांवरून दिसत नाही, पांढरं करा आणि काड्या जाड करा. व्हीएमडीतलं डेप्थ क्यूइंग बंद करा, त्याने लांबचे अणू धुक्यात जातात. सगळ्या फाइल्स आणि इन्स्टॉलर आधीच पेन ड्राइव्हवर ठेवा, नेटच्या भरवशावर राहू नका. मशीन अडखळायला लागलं तर अणू कमी करा, वर सांगितलेला कुठलाही प्रयोग पाचशे-सहाशे अणूंच्या आत होतो. आणि माउस मुलांच्या हातात द्या, दोघांत एक मशीन असेल तर एक जण फिरवेल आणि दुसरा लिहील, दहा मिनिटांनी अदलाबदल.

खरा डेटा आणल्याशिवाय थांबू नका

आत्तापर्यंतचं सगळं मॉडेल होतं, आपण बनवलेलं. मुलांच्या मनात रास्त प्रश्न येतो की हे असंच असतं हे कुणी बघितलंय का. गर्ड बिनिग आणि हाइनरिख रोहरर यांनी १९८१ मध्ये स्कॅनिंग टनेलिंग मायक्रोस्कोप बनवला, १९८६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं, आणि त्याच वर्षी अॅटॉमिक फोर्स मायक्रोस्कोप आला. या यंत्रांचा डेटा ग्विडियनमध्ये उघडतो आणि ते फुकट आहे, नमुन्याच्या फाइल्सही नेटवर मिळतात.

ग्राफाइटच्या पृष्ठभागाची फाइल मिळाली तर उत्तम. आधी ती चपटी करून घ्या, लेव्हल करायची कमांड असते, कारण नमुना थोडा तिरका बसलेला असतो आणि उतारामुळे बारीक तपशील दडपून जातात. मग एक रेघ ओढून तिच्यावरचा उंचीचा आलेख काढा. एक थर उतरलेला असेल तिथे ०.३३५ नॅनोमीटरच्या आसपास पायरी दिसेल, आणि हेच अंतर मुलांनी व्हेस्टामध्ये ग्राफाइटच्या मॉडेलवर मोजलेलं असेल तर मॉडेल आणि मोजमाप एकमेकांना भेटतात. थ्रीडी व्ह्यू लावला तर मात्र सावध करा. तिथे उंची मुद्दाम ताणलेली असते आणि एका थराची पायरी डोंगराचा कडा वाटायला लागते. उंचीचा स्लायडर कमीजास्त करून दाखवा. रंगही सॉफ्टवेअरने भरलेले, पट्टी बदलली की सोनेरी पृष्ठभाग निळा होतो.

टनेलिंग मायक्रोस्कोपने ग्राफाइटचे अणू दाखवणारं चित्र असेल तर त्यात अजून एक मजा आहे. ठिपक्यांमधलं अंतर मोजलं तर ०.१४२ येत नाही, ०.२४६ येतं, कारण त्या चित्रात सहसा एक सोडून एक अणूच उठून दिसतो, वरच्या थरातल्या काही अणूंच्या बरोबर खाली दुसरा अणू असतो आणि काहींच्या खाली नसतो, त्यामुळे दोन्हींचे इलेक्ट्रॉन वेगळे वागतात. म्हणजे मायक्रोस्कोप अणूंचा फोटो काढत नाही, इलेक्ट्रॉनचा प्रवाह मोजतो. हे समजलेल्या मुलांना १९९३ चं ते प्रसिद्ध चित्र दाखवा, तांब्यावर ४८ लोखंडाच्या अणूंचं कडं आणि आत लाटांची वर्तुळं. त्या लाटा कसल्या, हे विचारून थांबा. इलेक्ट्रॉनच्या, हे उत्तर एखाद्याकडून तरी येतंच.

शेवटचा प्रयोग इमेजजेवर. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपने काढलेलं नॅनोकणांचं चित्र घ्या, कोपऱ्यात स्केल बार असलेलंच घ्या, नाहीतर काहीच मोजता येणार नाही. स्केल बारवर बरोबर तेवढीच रेघ ओढा, ॲनालाइझ मेनूत सेट स्केलमध्ये जाऊन ती किती नॅनोमीटरची आहे ते लिहा. मग इमेजमधल्या ॲडजस्टमधून थ्रेशोल्ड (किती गडद ठिपका कण धरायचा ती सीमा) लावा, म्हणजे कण एका बाजूला आणि मागची पार्श्वभूमी दुसऱ्या बाजूला. एकमेकांना चिकटलेले कण असतील तर वॉटरशेड चालवून ते तोडा. मग ॲनालाइझ पार्टिकल्स, तिथे किमान क्षेत्रफळ टाका म्हणजे धुळीचे ठिपके मोजले जाणार नाहीत, आणि चित्राच्या कडेला कापले गेलेले कण वगळायची टिक करा. प्रत्येक कणाचं क्षेत्रफळ यादीत येतं. ते वर्तुळाचं समजून व्यास काढायचा, स्प्रेडशीटमध्ये एका सूत्राचं काम, आणि त्याचा हिस्टोग्राम.

थ्रेशोल्ड कुठे ठेवायचा हे प्रत्येक गटाला स्वतः ठरवू द्या, आधी काही सांगू नका. एकाच चित्रावरून गटांचे सरासरी व्यास वेगवेगळे येतील. ते सगळे फळ्यावर लिहा, कुणाचं बरोबर ते सांगायची घाई नको, प्रत्येक गटाने आपला थ्रेशोल्ड का निवडला ते चित्रावर बोट ठेवून सांगायचं. मग एकाच गटाला थ्रेशोल्ड थोडा वरखाली करून तीनदा मोजायला लावा, सरासरी किती हलते ते बघा, आणि उत्तर लिहिताना तेवढं अधिक-उणे बरोबर लिहायला लावा.